सोल ग्रुपने जुन्या पॉप स्टँडर्ड्सचा अल्बम करायचा तर कसा करायचा

चार-पाच जणांचा सोल (गॉस्पेल आणि ब्लूजमधून आलेलं अमेरिकन कृष्णवर्णीयांचं संगीत) गाणारा ग्रुप आहे, आवाज एकमेकांत मुरलेत, स्वतःची गाणी करून झालीत आणि आता कुणाच्यातरी डोक्यात आलंय की एक अख्खा अल्बम जुन्या पॉप स्टँडर्ड्सचा करू या. म्हणजे १९२०-३०-४०च्या दशकातली ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांची, जुन्या हॉलिवूड सिनेमांची गाणी, जी आजवर शेकडो लोकांनी गाऊन ठेवलीत. कल्पना चांगली आहे पण नवीन अजिबात नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने साठच्या दशकात हेच केलं. टेम्प्टेशन्सचा 'इन अ मेलो मूड' १९६७चा, सुप्रीम्सने रॉजर्स आणि हार्ट या संगीतकार-गीतकार जोडीच्या गाण्यांचा अल्बम केला तोही १९६७चाच. फोर टॉप्स तर मोटाउनमध्ये यायच्या आधी कितीतरी वर्षं क्लबांमध्ये स्टँडर्ड्सच गात होते आणि मोटाउनमध्ये आल्यावर त्यांचा पहिला अल्बम तसलाच रेकॉर्ड झाला होता, तो कंपनीने बाजूला ठेवून दिला आणि थेट १९९९ला बाहेर काढला.

मोटाउनचं कारण सरळ होतं. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी याला आपले कलाकार न्यूयॉर्कच्या कोपाकबानासारख्या महागड्या क्लबात आणि लास वेगासला न्यायचे होते, तिथल्या गिऱ्हाइकाला ओळखीची गाणी लागायची. सुप्रीम्स १९६५च्या जुलैमध्ये कोपाला गायल्या तेव्हा त्यांच्या कार्यक्रमात स्टँडर्ड्स भरपूर होती. तुम्हाला आज कोपा गाठायचा नाहीये, त्यामुळे तुमचं कारण वेगळं असणार, आणि ते काय आहे हे आधी ठरवा कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. "आमच्या आवाजात ही गाणी कशी वाटतील ते ऐकायचंय" हे पुरेसं कारण आहे. "आम्हीसुद्धा क्लासी गाऊ शकतो हे दाखवायचंय" हे कारण असेल तर मात्र जरा थांबा, कारण असे अल्बम ज्या एका गोष्टीने मरतात ती म्हणजे अदब. सगळे एकदम सभ्य होतात. लीडवाला (मुख्य ओळ गाणारा) कोट घातल्यासारखा गातो, मागचे तिघं नुसतं ऊ ऊ करत बसतात, वर तीस व्हायोलिनं, आणि ऐकणाऱ्याला कळतच नाही की इथे एक ग्रुप गातोय. माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रुप ऐकू आला पाहिजे. अरेंजमेंट मागच्या आवाजांपासून बांधायला घ्या, ऑर्केस्ट्रा सगळ्यात शेवटी.

गाणी निवडताना

बारा गाणी हवी असतील तर पंचवीस-तीसची यादी करा. सुप्रीम्सच्या त्या रॉजर्स-हार्टच्या वेळीसुद्धा एलपीवर आली त्याच्यापेक्षा बरीच जास्त गाणी रेकॉर्ड झाली होती, उरलेली खूप वर्षांनी निघाली. छाटायला माल असला पाहिजे.

छाटायचं कसं तर पहिली चाचणी शब्दांची. गाण्याचे शब्द कागदावर घ्या आणि लीड जो गाणार आहे त्याने ते नुसते वाचून दाखवायचे, बोलल्यासारखे. वाचताना त्याला हसू येत असेल किंवा तोंडात ते शब्द उसने वाटत असतील तर गाणं कितीही सुंदर असो, सोडून द्या. सोलमध्ये माणूस खरं बोलतोय असं वाटलं नाही तर उरतं काय. दुसरी चाचणी, फक्त बेस गिटार आणि एक आवाज. कॉर्ड्स नाहीत, ठेका नाही. एवढ्यावर गाणं उभं राहिलं तर त्याचं तुम्ही काहीही करू शकता. आणि तिसरी, जी बरेच जण विसरतात, ती म्हणजे या गाण्यात बाकीच्यांना करण्यासारखं काही आहे का. ओळींच्या मध्ये श्वासाएवढी का होईना मोकळी जागा पाहिजे, म्हणजे मागच्यांना तिथे उत्तर देता येतं. काही गाण्यांत शब्द इतके ठासून भरलेत की लीडलाच श्वास मिळत नाही, ती गाणी एकट्या गायकासाठी ठीक, ग्रुपसाठी नाही.

बहुतेक स्टँडर्ड्सचा आराखडा एकच असतो, बत्तीस बार (एक बार म्हणजे बहुतेक वेळा चार मात्रा), त्यात आठ-आठ बारचे चार तुकडे, पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे आणि तिसरा वेगळा, त्याला ब्रिज म्हणतात. आपल्याकडच्या मुखडा-अंतऱ्याची सवय असलेल्याला हे चटकन कळतं, फक्त इथे अंतरा एकदाच येतो. बऱ्याच गाण्यांना याच्याही आधी एक बोलकी प्रस्तावना असायची, नाटकात संवादातून गाण्यात शिरायला, आणि ती नंतरच्या गायकांनी सर्रास गाळली. ती शोधून काढा. लोकांना गाणं पाठ असतं पण ही प्रस्तावना माहीत नसते, आणि ती बिनवाद्यांची, पाच आवाजांत, मोकळ्या लयीत गायली की ऐकणारा सावरून बसतो, कुठलं गाणं येतंय याचा त्याला पत्ताच लागत नाही.

सगळी बारा संथ घेऊ नका. हा मोह सगळ्यांना होतो, स्टँडर्ड म्हटलं की मेणबत्ती पेटवायची. पाच संथ, चार मध्यम, दोन-तीन पळणारी, साधारण असं काहीतरी असू द्या.

हक्कांचं काम, लवकर उरकून टाका

कंटाळवाणं आहे पण गाणी ठरली की लगेच करा, रेकॉर्डिंग झाल्यावर नाही. अमेरिकेपुरतं बोलायचं तर आधी अधिकृतपणे रेकॉर्ड होऊन बाजारात आलेलं गाणं पुन्हा गायला मालकाची मर्जी लागत नाही, कायद्याने ठरवलेलं मेकॅनिकल लायसन मिळतं आणि ठरलेला दर भरायचा. सीडी, एलपी आणि डाउनलोडसाठी हा दर बरीच वर्षं गाण्यामागे प्रती ९.१ सेंट होता, २०२३पासून १२ सेंट झाला आणि तेव्हापासून महागाईप्रमाणे दरवर्षी थोडा वाढतो. गाणं पाच मिनिटांच्या वर गेलं की मिनिटांवर हिशोब होतो, हे लक्षात ठेवा कारण तुमच्या शेवटच्या लांबलचक आलापीचे पैसे पडू शकतात.

या लायसनमध्ये तुम्हाला तुमच्या शैलीप्रमाणे अरेंजमेंट बदलायची मुभा आहे, पण मूळ चाल आणि गाण्याचा गाभा बदलायची नाही, आणि शब्द बदलायचे असतील तर विचारावंच लागतं. व्हिडिओ करायचा असेल तर त्याची परवानगी पूर्ण वेगळी, तिथे ठरलेला दर वगैरे काही नाही, मालक म्हणेल ते. जुन्या गाण्यांत एक फायदा मात्र आहे, १९३०पर्यंत प्रसिद्ध झालेली गाणी २०२६च्या १ जानेवारीपासून अमेरिकेत सगळ्यांची झालीत. फक्त गाणं हं, नंतर कुणी केलेलं रेकॉर्डिंग किंवा अरेंजमेंट नाही. आणि दुसऱ्या देशांत नियम वेगळे, बऱ्याच ठिकाणी गीतकार-संगीतकार जाऊन किती वर्षं झाली त्यावर मोजतात, तेव्हा जिथे विकणार तिथलं बघा.

लीड कोण आणि पट्टी कुठली

ग्रुपमधे एक मुख्य लीड असतो आणि सवयीने सगळी गाणी त्यालाच दिली जातात. या अल्बममधे तसं करू नका. टेम्प्टेशन्सकडे १९६७ला खर्जातला मेल्विन फ्रँकलिन, फॉल्सेटोवाला (पातळ, चोरट्या आवाजात वर गाणारा) एडी केंड्रिक्स, खरखरीत डेव्हिड रफिन, भारदस्त आवाजाचा पॉल विल्यम्स आणि ओटिस विल्यम्स असे पाच वेगळे आवाज होते. त्या वेळचे हिट बहुतेक रफिन नाहीतर केंड्रिक्सच्या आवाजात, पण त्या स्टँडर्ड्सच्या अल्बममध्ये 'फॉर वन्स इन माय लाइफ' पॉल विल्यम्सला मिळालं आणि त्याच्यासाठी ते स्टेजवरचं खास गाणं होऊन बसलं. सांगायचं काय तर रोजच्या गाण्यांत जो मागे असतो त्याचा आवाज कदाचित या गाण्यांना जास्त शोभेल. प्रत्येक गाणं निदान दोघांकडून गाऊन बघा. मान-अपमान होतील, होऊ द्या, डेमो सगळ्यांनी एकत्र ऐका म्हणजे वाद कमी होतो.

एका गाण्यात दोन लीडही चालतात. सगळ्यात सोपी आणि हमखास जमणारी युक्ती म्हणजे ब्रिज दुसऱ्याला देणं. चाल तिथे वेगळी होतेच, बहुतेक वेळा वरही चढते, नवा आवाज आला की ते वळण दुप्पट ठळक होतं.

पट्टीचं असं आहे की छापील वहीतली पट्टी विसरा. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर कुठे येतो ते बघा, तो बहुतेक ब्रिजमध्ये किंवा शेवटच्या आठ बारमध्ये असतो, आणि तो सूर लीडच्या आवाजात अशा ठिकाणी आणा जिथे थोडा ताण ऐकू येईल पण फाटणार नाही. सोलमध्ये तो ताण हवा असतो. क्रूनर लोक (माइकजवळ हळुवार गाणारे जुने गायक) पट्टी खाली ठेवून आरामात गातात आणि तुम्ही त्यांचीच पट्टी उचलली तर तुम्ही पण आरामात गाल, मग ते सोल कसलं. पण एक अडचण येते, स्टँडर्ड्सचा पल्ला मोठा असतो, वरचा सूर जमवला की खालचा घशात जातो. अशा वेळी पट्टी खाली आणू नका, खालची ओळ खर्जवाल्याला द्या. ग्रुप असण्याचा फायदाच तो आहे.

अरेंजमेंट, खरी गंमत इथे आहे

पहिला प्रश्न लयीचा. मूळ गाणं ज्या लयीत आहे ती लय बदलून बघा, अर्धी करा, दुप्पट करा, चारच्या ऐवजी बाराआठमध्ये टाका, म्हणजे प्रत्येक मात्रेत तीन-तीन. वर सांगितलेलं पॉल विल्यम्सचं गाणं तिथे संथ होतं, १९६८ला तेच गाणं स्टीव्ही वंडरचं आलं ते उड्या मारत आणि लोकांना मुख्यतः तेच आठवतं. दोन्ही बरोबर आहेत. ड्रमर आणि बेसवाला घेऊन बसा, कॉर्ड्सचं वाद्य आणूच नका त्या दिवशी, लीडने मूळ चाल साधी गायची आणि त्या दोघांनी पाच-सहा वेगवेगळे ठेके धरून बघायचे. दोन आणि चारवरचा ठोका कुठे बसतो, किती मागे रेलतो, ते ठरलं की गाणं अर्धं झालं.

मग कॉर्ड्स. स्टँडर्ड्समध्ये कॉर्ड्स खूप असतात, दर दोन मात्रांना बदलतात, जॅझवाल्यांना त्याचाच आनंद. सोलचा ठेका मात्र एका कॉर्डवर बसायला मागतो. त्यामुळे कमी करा. पहिल्या दोन तुकड्यांत जाता-जाताच्या कॉर्ड्स काढून टाका, बेसला एका सुरावर चार बार धरून ठेवा, आणि प्रत्येक वेळी चाल वरून गाऊन बघा की एखादा लांब सूर टोचत तर नाही ना. टोचला तर तेवढी कॉर्ड परत आणा. ब्रिजच्या मूळ कॉर्ड्स मात्र तशाच ठेवा असं मी म्हणेन, कारण आधी सोळा बार तुम्ही ऐकणाऱ्याला एका जागी बसवलंय आणि आता अचानक खिडक्या उघडतात. फ्लेमिंगोजचं १९५९चं 'आय ओन्ली हॅव आइज फॉर यू' ऐका. गाणं १९३४चं, सिनेमातलं, नीटनेटकं. यांनी त्याच्यात पियानोचा एकच सूर तीन-तीनमध्ये ठोकत ठेवलाय, मागचे आवाज प्रतिध्वनीत बुडवलेत आणि ओळींच्या मध्ये ते अर्थ नसलेले बोल टाकलेत जे आज मूळ चालीपेक्षा जास्त लोकांना आठवतात. कॉर्ड्स कमी केल्याने गाणं गरीब झालं असं कुणी म्हणेल का?

आता मागचे आवाज. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, मी तर म्हणेन एकूण तयारीचा निम्मा.

मागच्यांना करण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत, पण त्या एका गाण्यात सगळ्या करायच्या नसतात. लांब ऊ किंवा आ धरणं, लीडच्या ओळीचे शेवटचे शब्द परत म्हणणं, लीडच्या आधीच ओळ सुरू करून त्याला आत ओढणं, अर्थ नसलेल्या बोलांचा ठेका धरणं, लीडबरोबर एकाच सुरात गाणं, आणि गप्प बसणं. हे शेवटचं लोक विसरतात. पहिले आठ बार लीड एकटा, मग दुसऱ्या तुकड्यात नुसता ऊ, ब्रिजमध्ये पूर्ण शब्द हार्मनीत, आणि शेवटच्या तुकड्यात सवाल-जवाब, असा चढ ठेवला तर ऐकणारा आपोआप पुढे सरकतो. पहिल्याच बारपासून सगळे आले तर नंतर वाढवायला काही शिल्लक राहत नाही.

हार्मनी लिहिताना, मागे तिघं असतील आणि कॉर्ड मोठी असेल, सातवा नववा वगैरे सूर असलेली, तर मूळ सूर बेस गिटार वाजवतेच आहे, तो आवाजांना देऊ नका. पाचवा पण सोडा. तिघांना तिसरा, सातवा आणि नववा द्या, एकदम महाग आवाज येतो आणि कुणाला ओरडावंही लागत नाही. दुसरं, लीड ज्या पट्ट्यात गातोय त्याच पट्ट्यात मागच्यांचा वरचा सूर आणू नका, एक तर त्याच्या खाली राहा नाहीतर फॉल्सेटो पार वर न्या. मधे आला की शब्द ऐकू येत नाहीत आणि मग मिक्सवाल्याला शिव्या बसतात, त्याचा दोष नसताना.

खर्जवाला हा वेगळा विषय आहे. त्याला बेस गिटारची नक्कल करायला लावू नका, दोन्ही एकच वाजले की चिखल होतो. त्याला रिकाम्या जागा द्या, ओळ संपल्यावरचे दोन बार, ब्रिजची पहिली ओळ, शेवटचा शब्द. मार्सेल्सने १९६१ला 'ब्लू मून'ची सुरुवातच खर्जाच्या त्या बोम-बा-बा-बोमने केली, १९३४चं हळवं गाणं सरळ नाचायला लावलं आणि ते अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं. रसिकांनी नाकं मुरडली असतील, मुरडू देत.

आणि शेवट. स्टँडर्ड बत्तिसाव्या बारला व्यवस्थित संपतं, त्याला शेपूट नसतं. सोलचं गाणं शेवटी दोन कॉर्ड्सवर फिरत राहतं, मागचे एक ओळ धरून बसतात आणि लीड मोकळा सुटतो. हे शेपूट तुम्ही जोडायचंय, म्हणजे तुमची स्वतःची अशी जी भर आहे ती इथे. शेवटच्या ओळीतले तीन-चार शब्द निवडा, जे पुन्हा पुन्हा म्हटले तरी चालतील आणि ज्यांत उघडा स्वर आहे, ते मागच्यांना द्या. ओटिस रेडिंगने १९६६ला 'ट्राय अ लिटल टेंडरनेस'चं काय केलं बघा, गाणं १९३२चं, सुरुवात एकदम हळू, मग ड्रमच्या कडेवर टिकटिक सुरू होते, मग एकेक वाद्य, आणि शेवटाला मूळ गाणं पार मागे राहून नुसता आरडाओरडा आणि ठेका. तो एकटा होता, तुमच्याकडे चार आवाज जास्त आहेत. फक्त एकच विनंती, अल्बममधल्या प्रत्येक गाण्याला हे शेपूट नको, तीन-चार पुरे. बाकीची वेळेवर संपू द्या.

तालीम

माइकशिवाय, वाद्यांशिवाय, गोल उभं राहून. आधी स्वर जुळवा, म्हणजे सूर नाही, तोंडाचा आकार. एकाचा ऊ ओठ पुढे काढून आणि दुसऱ्याचा सपाट असेल तर सूर बरोबर असूनही बेसूर वाटतं. इंग्रजीत 'आय', 'नाइट', 'माइन' असले शब्द पदोपदी येतात, त्यात सगळ्यांनी 'आ' धरून ठेवायचा आणि मिटवायचं अगदी शेवटी, एकाच क्षणी. शब्दाच्या शेवटचा 'स' एकानेच म्हणायचा, बाकीच्यांनी गिळायचा, नाहीतर माइकवर टायर पंक्चर झाल्यासारखं ऐकू येतं. 'ट' कुठल्या मात्रेवर तोडायचा ते कागदावर लिहा. श्वास कुठे घ्यायचा तेही लिहा, आणि लांब सुरात एकामागून एक चोरून श्वास घ्या म्हणजे सूर तुटत नाही. मागच्यांनी कंप बंद ठेवायचा किंवा फार थोडा, तिघांचे तीन कंप एकत्र आले की कॉर्ड डुगडुगते.

लीडसाठी एक सूचना आणि ती कडक आहे. पहिल्या फेरीत मूळ चाल जशी आहे तशी गा. एकही हरकत नाही. सोलवाल्याच्या गळ्याला दर ओळीच्या शेवटी मुरकी घ्यायची सवय असते पण या चालींमधे आधीच मोठ्या उड्या आहेत, वर नक्षी काढली की दोन्ही दिसेनाशी होतात. शब्द थोडे मागे रेलून म्हणा, बोलताना जसं अडखळतो तसं, एखादा शब्द उशिरा येऊ दे. हरकती शेवटच्या तुकड्यापासून पुढे, आणि शेपटात मग काय वाट्टेल ते करा, तिथे कुणी अडवत नाही.

स्टुडिओत

ऱ्हिदम सेक्शन (ड्रम, बेस आणि कॉर्ड्सची वाद्यं) आणि लीड एकाच वेळी रेकॉर्ड करा, लीड वेगळ्या बूथमधे का होईना पण समोर दिसला पाहिजे. संथ गाण्यात ड्रमर गायकाच्या ओठांकडे बघून वाजवतो, नंतर आवाज चिकटवला तर ते येत नाही. मोकळ्या लयीची सुरुवात असेल तर तिथे क्लिक (लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक) नकोच. क्लिक वापरत असाल तर शेवटचा सूर विरताना ती बंद करायला इंजिनियरला आधी सांगा, हेडफोनमधून गळणारी टिकटिक नेमकी त्याच शांततेत पकडली जाते आणि मग काढता येत नाही.

मागचे आवाज घ्यायचे दोन प्रकार. एक, प्रत्येकाला वेगळा माइक, वेगळा ट्रॅक, नंतर सगळं सुधारता येतं. दोन, सगळे एका माइकभोवती. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. फिगर-एट माइक (समोरून आणि मागून आवाज घेणारा) असेल तर दोघं एका बाजूला दोघं दुसऱ्या बाजूला, माइकपासून दोन-तीन फुटांवर, ज्याचा आवाज मोठा त्याने एक पाऊल मागे जायचं. फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची बटणं) हलवायचे नाहीत, माणसं हलवायची. असं केलं की आवाज हवेतच मिसळतात आणि ते मिश्रण कुठल्याही मशीनमधे होत नाही. तोटा उघड आहे, एकाचा सूर चुकला तर सगळ्यांनी पुन्हा गायचं. म्हणून तर तालीम.

जाड आवाज हवा असेल तर तेच दुसऱ्यांदा गाऊन वर चढवा, पण दुसऱ्या फेरीत आपापले सूर बदलून घ्या, वरच्याने मधला गायचा वगैरे, आणि जागाही बदला. तेच लोक तिथेच उभं राहून तेच गायले तर आवाज जाड होण्याऐवजी पोकळ होतो. हेडफोनचा एक कान उघडा ठेवतात बरेच जण, ठेवा, पण तो उघडा कप डोक्यावर दाबलेला असू द्या नाहीतर त्यातून आवाज माइकमधे जातो.

टेक किती घ्यायचे याला नियम नाही. लीडचे तीन-चार पूर्ण टेक घ्या आणि त्यातला एक मुख्य धरून त्यालाच ठिगळं लावा. ओळीओळीला वेगळा टेक जोडून केलेला लीड ऐकताना सुरात असतो पण माणूस कुठून कुठे गेला ते कळत नाही. आणि हार्मनीवर ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर सरसकट फिरवू नका. खरा ग्रुप गाताना मेजर कॉर्डमधला तिसरा सूर पियानोच्या मानाने किंचित खाली लावतो, कानाला तोच गोड लागतो, सॉफ्टवेअर तो उचलून पियानोच्या घरात बसवतं आणि गोडवा गेला.

व्हायोलिनं, मिक्स आणि क्रम

आता, सगळे आवाज झाल्यावर, तंतुवाद्यं हवी आहेत का ते ठरवा. मोटाउनमध्ये पण ती वरून चढवली जायची, डेट्रॉइट सिंफनीचे वादक येऊन वाजवून जायचे, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. अरेंजरला आवाजांचा मिक्स द्या आणि सांगा की जिथे मागचे गातायत तिथे एक तर गप्प बसा नाहीतर एक सप्तक वर जा. तीच कॉर्ड त्याच पट्ट्यात व्हायोलिनांनी धरली की गायक गेले कामातून. पैसे कमी असतील तर खोट्या व्हायोलिनांपेक्षा एक ऑर्गन बरा, आणि चार गाण्यांत काहीच नको.

मिक्समध्ये लीड मधोमध, मागचे थोडे पसरून, पण खर्जवाला मधेच ठेवा. प्रतिध्वनी लीडला कमी आणि मागच्यांना जास्त दिला की दोघांत अंतर पडतं, खोली तयार होते. मोटाउनच्या हिट्सव्हिल स्टुडिओत त्यासाठी माळ्यावर वेगळी इको चेंबर केली होती, तुमच्याकडे जिना किंवा रिकामी खोली असेल तर तिथे स्पीकर लावून माइकने परत पकडून बघा, प्लगइन नंतर.

क्रम लावताना पहिलं गाणं असं ठेवा ज्यात तीस सेकंदांच्या आत सगळे आवाज येतात. लीडचं एकट्याचं, हळवं, सुंदर गाणं पहिलं नको, लोक म्हणतील सोलो अल्बम आहे. एकाच लीडची तीन गाणी ओळीने नकोत, एकाच पट्टीची दोनसुद्धा नकोत. एलपी काढणार असाल तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या वर जाऊ नका, आवाजाची पातळी खाली जाते, आणि बाजूच्या शेवटी शेवटी, आतल्या खोबणीत, सगळ्यात मोठ्या आवाजाचं, 'स'-'श'ने भरलेलं गाणं ठेवू नका, तिथे सुई त्याचं वाटोळं करते. तिथे बिनवाद्यांचं काहीतरी टाका. आणि कव्हरवर गीतकार-संगीतकारांची नावं तपासून छापा, या गाण्यांत शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असते, कधी तिघं-चौघं असतात, आणि रॉयल्टीचे कागद त्याच नावांवर फिरतात.